माझा निकाल आणि रिपोर्टरमामा

आमच्या मामांना साध्या प्रश्नाचे साधे उत्तर देता येत नसे. मामी विचारायच्या, “आमटी कशी झाली?” मामा घास गिळत, जरा विचार करत आणि म्हणत, “आजची आमटी खारट आहे. कालच्या आमटीबद्दल मत राखून ठेवतो.”

“कालचं कोणी विचारलंय?”

“म्हणूनच राखून ठेवतो.”

मामी कपाळाला हात लावायच्या. मामा थट्टा करत नसत. जेवढे विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यायचे आणि जे विचारले नाही त्यावर तोंड उघडायचे नाही, हा त्यांच्या कामाचा नियम होता. तो अंगात इतका भिनला होता की टेबलावरचे कागद आवरून ते पाटावर बसले तरी सुटत नसे. शेजारच्यांचे जावई पितात का, असे कोणी हळूच विचारले तर मामा म्हणत, “हा प्रश्न आज आपल्यापुढे नाही.” विचारणारा ओशाळून जाई. त्यामुळे आमच्या घरात कुणाची निंदा होत नसे. झालीच तर मामा बाहेर गेल्यावर.

मामा वकिलीची परीक्षा पास होते, पण वकिली त्यांनी दोनतीन वर्षांतच सोडली होती. कोर्टात उभे राहिले की त्यांना समोरच्या वकिलाचेही पटायचे. एकदा म्हणे समोरच्याचे भाषण संपल्यावर न्यायाधीशांनी विचारले, “यावर तुमचे काय म्हणणे?” मामा म्हणाले, “त्यांचा मुद्दा बरोबर दिसतो.” पक्षकार मागच्या बाकावर बसला होता. तो उठला आणि थेट मामांच्या घरी येऊन, मामींकडून आपले कागद परत घेऊन गेला. ही गोष्ट मामी सांगायच्या. मामांना विचारले तर म्हणत, “मुद्दा बरोबर होताच.”

मग त्यांना त्यांच्या स्वभावाचे काम मिळाले. नागपूरच्या हायकोर्टात निकाल होत, त्यांतल्या ज्या निकालांवर न्यायाधीश ‘छापण्यास योग्य’ असा शेरा मारत, ते दर महिन्याच्या पुस्तकात छापून काढायचे. म्हणजे पुढे तसाच खटला आला तर वकिलांना आणि खालच्या कोर्टांना ते दाखवता येतात. मामा या सरकारमान्य मासिकाचे संपादक होते. टपालाने निकालांचा गठ्ठा अमरावतीला मामांकडे यायचा. एकेक निकाल चाळीस-पन्नास पानांचा. तो अक्षर न् अक्षर तपासायचा, आणि त्याच्या डोक्यावर चार ओळींत सार लिहायचे, की या निकालाने नेमके काय ठरले. अंक इंग्रजीत असे, पण शेवटी मराठी पुरवणी असे. तालुक्याचे लहान वकील आणि कचेरीत अर्ज लिहून देणारे अर्जनवीस तिच्यासाठीच अंक घ्यायचे. निकाल छापतात म्हणून सगळे गाव मामांना रिपोर्टर म्हणे. मी मात्र रिपोर्टरमामा म्हणत असे, तेही मनातल्या मनात. तोंडावर नुसते मामा.

सार लिहिण्याची त्यांची एक रीत होती. निकालातली एकेक हकीकत ते मनाने काढून बाजूला ठेवत आणि बघत, की आता निकाल तोच राहतो का. राहिला तर ती हकीकत सारात नको. “काढून बघायचं. हलतं का बघायचं,” असे ते पुटपुटत. घरातसुद्धा हेच. मामी पाणी भरताना झालेले भांडण रंगवून सांगत असायच्या. शेजारीण काय बोलली, तिचा कुत्रा कसा मध्ये आला, बादली कशी लवंडली.

मामा म्हणायचे, “कुत्रा काढून टाक. भांडण राहतं का?”

“राहतं.”

“मग कुत्रा कशाला सांगतेस?”

“अहो, कुत्र्याशिवाय काय मजा आहे त्यात!” मामी म्हणायच्या. “तुमच्या पुस्तकात कुत्रे नाहीत म्हणूनच ते कोणी हौसेनं वाचत नाही.”

हौसेने वाचतील असे लिहिणारा एक माणूस मात्र होता. मासिकाचे दोन संपादक होते. अकोला आणि पलीकडच्या भागातून गेलेल्या खटल्यांचे निकाल अकोल्याचे एक वकील पाहत. ते देशमुखांच्या घरातले, पाच पिढ्यांची काळी जमीन असलेले, आणि कोर्टात काय, घरी काय, सरळ वऱ्हाडीत बोलणारे. मामांनी त्यांचे नाव फोडणीवकील ठेवले होते. कारण ते मराठी पुरवणीत निकालाला फोडणी देत. तेल्हाऱ्याकडच्या दोन भावांचा आंब्याच्या झाडावरून खटला होता, तर धाकट्याने थोरल्याला दिलेल्या शिव्या त्यांनी जशाच्या तशा छापल्या. तो अंक निघाला आणि कचेऱ्यांच्या आवारात अर्जनवीसांनी तो मोठ्याने वाचला. ऐकायला बाजारची माणसे गोळा झाली. पुढे कितीतरी दिवस पोरे त्या शिव्या म्हणत हिंडत होती. मामांनी पोस्टकार्ड टाकले, “शिव्या वगळल्या असत्या तर निकाल बदलला असता काय?” उत्तर आले, “निकाल बदलला नसता, पण वर्गणीदार बदलले असते.” या दोघांचे भांडण वर्षानुवर्षे असे पोस्टकार्डावर चाले. मामा ती कार्डे वाचून चिडत आणि मग एकटेच हसत.

आता मी त्या घरात कशी आले ते सांगायला हवे.

माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. चौथी झाल्यावर शाळा सुटली आणि काकांनी सोळाव्या वर्षी माझे लग्न मूर्तिजापूरकडे करून दिले. घर खातेपीते होते. नवरा बोलायला गोड होता, पण चार माणसे जमली की थट्टा करायला त्याला कोणीतरी लागे, आणि ते कोणीतरी मी होते. मी मुळात बुजरी. तिथे भीतीने माझे असे झाले, की झोपेत अंथरूण ओले व्हायचे. हे मी आजवर कोणाला लिहून काय, बोलूनही सांगितलेले नाही. मामींना आणि कोर्टात सांगावे लागले तेवढेच. डॉक्टरकडे नेण्याऐवजी नवऱ्याने माझी ओली गोधडी पुढच्या दारावर टांगायला सुरुवात केली. रस्त्यावरून जाणारा येणारा विचारी, आणि तो ओट्यावर बसून सांगे. पाहुणे आले की त्यांनाही दाखवी. पोरे गोधडीला दगड मारून पळत. त्याने माझ्या अंगाला बोट कधी लावले नाही. एक दिवस मी पाणी आणायला म्हणून निघाले ती बसस्टँडवर गेले आणि अमरावतीला मामांच्या दारात उभी राहिले.

मामांनी मला काही विचारले नाही. मामींनी सगळे विचारले.

नवऱ्याने अमरावतीच्या कोर्टात दावा लावला की बायकोला नांदायला पाठवा. खालच्या कोर्टाने म्हटले, मारहाण नाही, उपासमार नाही, तेव्हा बाईने परत जावे. आमच्या वकिलाने नागपूरला अपील केले. मी नागपूरला गेले तेव्हा पुकारा झाला आणि मी बसूनच राहिले. सासरी माझे नाव बदलून सरस्वती ठेवले होते आणि कोर्टाचे सगळे कागद त्याच नावाने होते. मामींनी कोपराने ढोसून सांगितले, “ऊठ वेणू, तुलाच बोलावताहेत.” काही महिन्यांनी निकाल लागला. परत जायची गरज नाही. मामींनी देवापुढे साखर ठेवली. मी त्या दिवशी अंगणात नुसती बसून होते. आता कोणी ओढून नेणार नाही, हे मनाला पुन्हा पुन्हा सांगावे लागत होते.

घरात मी अंकांचे काम करू लागले होते. छापखान्यातून अंक आले की ते दुमडायचे, कागदी पट्टी गुंडाळून डिंकाने चिकटवायचे आणि पत्ता लिहायचा. परतवाडा, हिवरखेड, मूर्तिजापूर. मूर्तिजापूरला एका अर्जनवीसाकडे अंक जायचा. तो माझ्या सासरच्या गल्लीतलाच होता. त्याचा पत्ता लिहिताना माझा हात जरा थांबे, पण अंकात शेतांचे, विहिरींचे, वाटण्यांचे खटले. मला त्याचे काय?

एक दिवस नागपूरचा गठ्ठा आला. मामा सुतळी सोडून निकाल एकेक वेगळे ठेवत होते. मध्येच थांबले. चष्मा काढून पुन्हा घातला. मग आत स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. ते तिकडे कधी येत नसत.

“वेणू,” ते म्हणाले, “तुझा निकाल छापायला आला आहे.”

मला अर्थ कळला नाही. मामींना कळला. त्यांच्या हातातली पोळी तव्यावर करपली.

“म्हणजे, त्यात ते सगळं आहे?” मामींनी विचारले.

“आहे.”

“गोधडीचं?”

“गोधडीचंच मुख्य आहे.”

मामी उठल्या. “मग टाका तो कागद चुलीत. संपादक तुम्हीच ना?”

मामा म्हणाले, “मारहाण नसली तरी बाईचा छळ होऊ शकतो, असं आपल्याकडे इतकं स्पष्ट अजून कोणी लिहिलं नव्हतं. न्यायाधीशांनी शेरा मारलाय तो त्यासाठी. चुलीत टाकला तर पुढच्या बाईनं कोणता कागद दाखवायचा?”

“पुढच्या बाईचं पुढं बघू. आपल्या पोरीनं तोंड कुठं दाखवायचं ते सांगा.”

मामा टेबलाकडे परत गेले. मी पडवीत जाऊन बसले. माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. मूर्तिजापूरच्या कचेरीच्या आवारात तो अर्जनवीस मराठी पुरवणी मोठ्याने वाचतो आहे आणि माणसे हसताहेत. आणि तो अंक तिथे मीच डिंक लावून पाठवणार.

पुढचे दोन-तीन दिवस मामा त्या एका निकालाशीच बसले. मी चहा ठेवायला जाई तेव्हा कागदावर लाल पेन्सिलीच्या रेघा दिसत. काढलेली ओळ, मग तीच पुन्हा घेतलेली. मला इंग्रजी कळत नव्हते, पण त्यांची वाकलेली मान कळत होती. शेवटी त्यांनी मला समोर बसवले. माझ्याशी ते नेहमी असे बोलत, की जणू मी मोठी शिकलेली आहे.

“मी काढून बघितलं,” ते म्हणाले. “तुझ्या सासूचं काढलं, सणाचं काढलं, बांगड्यांचं काढलं. निकाल तसाच राहतो. पण गोधडी काढली की निकाल कोसळतो. नवऱ्यानं हात लावला नाही, उपाशी ठेवलं नाही. त्यानं ती दारावर टांगली म्हणूनच तू इथं आहेस.”

मी मान खाली घातली.

“सार मी गोलमोल शब्दांत लिहू शकेन. पण खाली न्यायाधीशांचे शब्द जसेच्या तसे छापावे लागतात. ते बदलण्याचा मला हक्क नाही. बदला म्हणून न्यायाधीशांकडे जाण्याचाही नाही. मी गेलो तर संपादक गेला असं होणार नाही, मुलीचा मामा गेला असं होईल. म्हणून मी हा निकाल पाहणार नाही. अकोल्याला पाठवतो.”

“फोडणीवकिलांकडे?” माझ्या तोंडून नावच निघून गेले. मामांसमोर इतक्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते.

“दुसरा संपादक तोच आहे.”

मामी आतून बाहेर आल्या. “त्या माणसाच्या हाती? ज्यानं बाजारभर शिव्या वाटल्या? आणि त्याच्याशी तर जन्माचं भांडण तुमचं!”

“भांडण फोडणीबद्दल आहे,” मामा म्हणाले. “माणसाबद्दल नाही.”

त्यांनी निकाल बांधला आणि वर एक पोस्टकार्ड लावले. ते त्यांनी मला वाचायला दिले, मराठीत होते. ‘यातील बाई माझी भाची आहे. म्हणून हा निकाल मी पाहणे योग्य नाही. आपणांस उचित वाटेल तसे करावे.’ एवढेच. मी ते पुन्हा पुन्हा वाचले. त्यात विनंती नव्हती. पोरीला सांभाळा, असे एक वाक्य लिहिले असते तर काय बिघडले असते, असे मला वाटले. त्या दिवसापासून मी मामांशी बोलणे टाकले. जेवायला वाढत असे, पण मान वर करत नसे. मामांचे जेवण कमी झाले. आमटी कशी झाली हे मामींनी विचारले तर म्हणत, “चांगली आहे.” तेवढेच. मामींना ते जास्त लागे. मला म्हणाल्या, “अगं, कालच्या आमटीबद्दल काही बोललेच नाहीत. बरे आहेत ना?”

अकोल्याहून काही कळले नाही. दर आठवड्याला येणारी भांडणाची पोस्टकार्डेही बंद झाली. अंक निघायची वेळ जवळ येत होती.

एक दिवस दुपारी दारात टांगा थांबला आणि आवाज आला, “आहेत काय रिपोर्टरसाहेब? का झोपून राहिले?”

मी यापूर्वी फोडणीवकिलांना पाहिले नव्हते. उंच, पांढरे धोतर, वर कोट, डोक्याला पटका, कपाळावर घाम. मी दाराआड झाले. ते ओसरीवर सतरंजीवर ऐसपैस बसले आणि आत बघून ओरडले, “वहिनी, चहा टाका जी! साखर अंमळ जास्तच टाकजा. बडनेऱ्याले गाडी बदलता बदलता जीव गेला माहा.”

मामा ताठ बसले होते. “तुम्ही स्वतः कशाला आलात? टपालानं पाठवायचं.”

“टपालानं पाठवलं असतं त तुमी पाहिलंच नसतं. म्हनले असते, मी पाहत नाई, भाची आहे. मंग बसा उपाशी. वहिनी, हे जेवून राहिले का नाई?”

“नाही हो,” आतून मामी.

“वाटलंच मले.” त्यांनी पिशवीतून निकाल काढला. “आता ऐका. मी नागपूरले गेलो होतो. साहेबायच्या बंगल्यावर.”

“न्यायाधीशांच्या?” मामांचा आवाज चढला. “कशाला?”

“इचाराले. मी काही त्या पोरीचा मामा नाई. मले जाता येते.”

दाराच्या फटीतून मला मामांचे हात दिसत होते. एका हाताने दुसरा हात धरून बसले होते.

“साहेब म्हने, काय पाहिजे? म्या म्हनलं, साहेब, नवऱ्यानं बायकोची गोधडी दारावर टांगली म्हनून तुमी त्याले दोषी धरलं. मोठा न्याय केला. आता आमी तेच छापतो. मुर्तिजापुरात वाचतीन, परतवाड्यात वाचतीन, दर कचेरीत वाचतीन. त्यानं एका दारावर टांगली, आमी साऱ्या वऱ्हाडाच्या दारावर टांगून राहिलो. मंग त्याच्यात अन् आमच्यात फरक काय, तो तेवढा मले समजावून सांगा.”

“असं बोललात तुम्ही? न्यायाधीशांशी?”

“वऱ्हाडीतच बोललो. इंग्रजीत मले एवढा राग येत नाई.”

मामी चहाचे भांडे हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या होत्या. “मग? काय म्हणाले?”

“आधी चश्मा पुसला. खिडकीतून बाहेर पाहून राहिले. मले वाटलं, आता हाकलते हा मानूस. मंग म्हने, छापायची प्रत आणली काय? म्या पुढं ठेवली. तो सारा परिच्छेद त्यायनं आपल्या हातानं खोडला अन् जागेवर एक ओळ लिहिली. खाली सही. मूळ निकाल कोर्टात तसाच राहीन, छापायचं हे.” त्यांनी कागद मामांच्या मांडीवर ठेवला. “आता तुमी संपादक नाई, मामा म्हनून वाचा.”

मामांनी वाचले. मग ती ओळ त्यांनी मराठीत मोठ्याने सांगितली, दाराकडे बघत. मी कुठे उभी आहे हे त्यांना ठाऊक होते. “पत्नीच्या शारीरिक व्यथेचे पतीने गावासमोर वारंवार प्रदर्शन करून तिची कुचेष्टा केली.”

मामा ती ओळ पुन्हा वाचत होते. ओठ हलत होते. मला कळले, ते काढून बघत आहेत, हलते का बघत आहेत.

“उभा राहतो,” शेवटी ते म्हणाले. “निकाल उभा राहतो.”

“राहीनच न! साहेबानं लिहिलं आहे, म्या नाई.”

“आणि सार? मराठी पुरवणीचं? त्यात तुम्ही काय लिहिलंत?”

फोडणीवकील मोठ्याने हसले. “भेता काहून? तीन ओळी लिहिल्या. तुमच्याहून कोरड्या.” मग आवाज उतरवून म्हणाले, “मसाला टाकतो मी, खरं आहे. पन कोनाच्या जखमेवर मीठ टाकाचं नाई, तेवढं आमालेही समजते, साहेब.”

मामा उठले, मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. मामींनी चहा ओतला. मी पुढे होऊन कप नेऊन ठेवला. परक्या पुरुषासमोर मी आपणहून गेले ते तेव्हा पहिल्यांदा. फोडणीवकिलांनी माझ्याकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, “तूच काय? बस. उभी कायले राहिली?” आणि फुंकर मारून चहा प्यायले.

त्या दिवशी मामा पोटभर जेवले. मी भाजी वाढताना विचारले, “कशी झाली?” आमचे बोलणे बंद झाल्यापासूनचे माझे हे पहिले वाक्य. मामांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांना उत्तरच सुचेना. शेवटी मामीच म्हणाल्या, “अहो, राखून तरी ठेवा काहीतरी!” तेव्हा आम्ही तिघेही हसलो. हसता हसता माझे रडणे कधी सुरू झाले कळले नाही, आणि कोणी ते थांबवलेही नाही.

अंक छापून आला. मी पुरवणी उघडून बोट ठेवत वाचू लागले. शेताचा एक निकाल, भाडेपट्ट्याचा एक निकाल, मग ‘सरस्वतीबाई’. मी तीन ओळी वाचल्या आणि मनात आले, कोण बिचारी बाई, किती सोसले असेल तिने! पुढच्याच क्षणी ध्यानात आले की ती बाई मी आहे. पण तो पहिला क्षण मला फार सुखाचा वाटला. माझ्या उरावर वर्षानुवर्षे बसलेली गोष्ट तीन ओळींची होती आणि ती कोणा दुसऱ्याच बाईची वाटत होती. मी अंक दुमडला, पट्टी लावली आणि मूर्तिजापूरचा पत्ता लिहिला. हात थांबला नाही. तो अर्जनवीस ते मोठ्याने वाचीलही. वाचू दे. नवऱ्याने काय केले तेवढेच त्यात होते.

पुढे राज्यांची फेररचना झाली, वऱ्हाड मुंबईला जोडला गेला आणि मासिकाचे काम हळूहळू मोठ्या शहरांत गेले. मामांकडचे गठ्ठे कमी झाले. त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. जुने निकाल नव्या राज्यातही चालतात की नाही, असा एक प्रश्न तेव्हा वकिलांत होता. त्यावर मामा तावातावाने बोलत, कारण तो प्रश्न खरोखर त्यांच्यापुढे होता. मी अकोल्याला आले. फोडणीवकिलांच्या पत्नी ओसरीवर शिवणाचा वर्ग चालवत. त्यांनी मला शिकवले आणि मग शिकवायला ठेवून घेतले. मी निघाले तेव्हा मामा बडनेऱ्यापर्यंत पोचवायला आले होते. गाडी येईपर्यंत आम्ही बाकावर शेजारी बसलो. मी म्हटले, “मामा, तेव्हा मी तुमच्याशी बोलत नव्हते.” ते म्हणाले, “मलाही कोणी मामा असता आणि त्यानं असं केलं असतं, तर मीही बोललो नसतो.” मग माझ्या पिशवीची गाठ सैल झाली होती ती त्यांनी नीट बांधून दिली.

मामा गेले ते झोपेत, शांतपणे. मी अमरावतीला पोचले तेव्हा फोडणीवकील आधीच येऊन बसले होते. पटका काढून मांडीवर ठेवला होता. मला पाहून म्हणाले, “आता भांडू कोनाशी, सांग?” आणि लहान मुलासारखे रडले.

त्यानंतरची एक गोष्ट आहे. अकोल्याला फोडणीवकिलांच्या घरी पक्षकार येत, ते शिवणाच्या वर्गाच्या ओसरीवरच ताटकळत बसत. एकदा हिवरखेडकडची एक तरुण बाई आली. सोबत म्हातारा बाप. डोळे सुजलेले. मी मशीन थांबवून तिला पाणी दिले. म्हातारा आत गेला तशी ती आपणहून बोलू लागली.

“वकीलसाहेब म्हनते, मले परत जा लागत नाई. नागपूरच्या कोर्टाचा तसा एक निकाल आहे म्हने. पुस्तकात छापला आहे.”

“हो का?” मी म्हटले.

“एका बाईचा आहे. तिच्या नवऱ्यानं तिची हसाहशी केली होती गावात. माह्यासारखंच.” तिने पदराने तोंड पुसले. “त्या बाईचं पुढं काय झालं असंन वो? ते नाई छापत काय?”

“नाही. तेवढं छापत नाहीत.”

“छापाले पाहिजे,” ती म्हणाली. “मानसाले तेच त समजाचं असते.”

मी तिचा रिकामा पेला घेतला. “बरं झालं तिचं,” मी म्हटले.

“तुमाले काय मालूम?”

“मला माहीत आहे,” मी म्हटले आणि तिच्यासाठी चहा टाकायला आत गेले.